मायला देव्हाऱ्यात बसवू नका

माय गेली. मघापासून तिघा वक्त्यांनी तिला त्यागमूर्ती केलं. मला तो शब्द चालत नाही. मूर्तीला भूक नसते. मायला होती.

१९७२च्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची, आम्हां पोरांपुढं ओतायची. म्हणायची, 'मला न्हाई आवडत ती.' पुढं वीसेक वर्षांनी माझ्या पोरीनं अंगणवाडीतून सुकडी आणली, तर म्हातारी कोपऱ्यात बसून बकाबका खात होती! हा त्याग नव्हे, लूट आहे. ज्यांच्या विहिरींना पाणी होतं, त्यांच्या बायकांना असला त्याग करावा लागला नाही.

२७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमच्या वस्त्या पेटल्या. आमचं घरही. राखेतून मायनं तवा तेवढा उकरून काढला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ला. सोळा वर्षं! अंगठा उठवणाऱ्या मायनं शेळ्या विकून नातीला शिकायला तिथंच धाडलं.

ती नात आत्ता मागं चहाच्या पातेल्यापाशी उभी आहे. कार्यकर्त्यांनो, कपबश्या तुम्ही धुवा. तिला इथं माईकवर येऊ द्या.