घेणाऱ्याची साक्ष



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांची अपेक्षा मोठ्या विषयाची असते. संतवाङ्मय, स्वातंत्र्याचा इतिहास, देशाचे अर्थकारण अशा विषयांवर बोलणारे अधिकारी वक्ते आपण ऐकलेले आहेत. त्या मानाने माझा विषय अगदीच लहान आहे. जुनी वस्तू ऑनलाइन विकत घेतली आणि ती मनासारखी निघाली नाही, तर तिच्याविषयी खरा अभिप्राय कसा लिहावा, एवढेच मला आज सांगायचे आहे. "यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे?" असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझ्याही मनात आला होता. परंतु तीन ओळींचा एक अभिप्राय लिहिण्यासाठी मला गेल्या वर्षी चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मला माझ्या स्वभावाविषयी जे कळले, ते कोणत्याही ग्रंथातून कळले नव्हते. म्हणून हा विषय मी पत्करला.

प्रथम हकीकत सांगतो. आमचे एक छोटेसे भजनी मंडळ आहे. मंडळाची पेटी जुनी झाली, आणि ती दुरुस्त करण्यापलीकडे गेली. नव्या चांगल्या पेटीची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. वर्गणी जमली 7,500 रुपये. कोणी पन्नास दिले, कोणी पाचशे, आणि भाजी विकणाऱ्या एका आजींनी दर आठवड्याला वीस-वीस रुपये करून दोनशे भरले. एवढ्या पैशांत जुनी पेटीच मिळणार. शोधता शोधता एका संकेतस्थळावर जाहिरात दिसली. छायाचित्रात पेटी नव्या नवरीसारखी झळकत होती. खाली लिहिले होते : "सुस्थितीत. सर्व सूर चालू. घरगुती वापर." मालक दूरच्या शहरातला. त्याने अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रणही पाठविले. आम्ही पैसे पाठविले, पेटी कल्याणला पार्सलने आली, आणि कसारा लोकलमध्ये आळीपाळीने मांडीवर घेऊन आम्ही ती वाशिंदला आणली.

एकादशीच्या रात्री पेटी उघडली. भाता कितीही मारला तरी हवा टिकेना. मधल्या सप्तकातले दोन सूर मुके होते. एक सूर मात्र कोणी पट्टी न दाबताच वाजू लागला आणि अभंग संपला तरी थांबेना! मंडळी आधी हसली, मग गप्प झाली. त्या आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिले, कारण पेटी पसंत करणारा मी होतो. कल्याणच्या कारागिराने पेटी उघडून दाखविली. भात्याचे कातडे सुकून तडकले होते, एका कोपऱ्यात उंदरांनी कुरतडले होते. दुरुस्तीचा खर्च त्याने 3,000 रुपये सांगितला.

दुसऱ्या दिवशी संकेतस्थळाने मला विचारले, "आपला अनुभव कसा होता?" खाली पाच चांदण्या. आमचे बुवा म्हणाले, "जाऊ द्या मास्तर. पाच चांदण्या दाबा आणि मोकळे व्हा. त्याचे त्याच्यापाशी. पांडुरंग बघतो आहे." आमच्यातला एक तरुण म्हणाला, "मास्तर, एकच चांदणी द्या, आणि लिहा, हा माणूस चोर आहे." बंधुभगिनींनो, आपल्या समाजात नाराज गिऱ्हाइकाला हे दोनच मार्ग ठाऊक आहेत. एक भिडेचा, दुसरा शिवीचा.

भिडेचा मार्ग आधी पाहू. भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. पण या ठिकाणी भीक भलत्याच्याच वाट्याला येते. गप्प बसणारा मी, आणि फसणार तो पुढचा गिऱ्हाईक. पांडुरंग बघतो हे खरे. परंतु पुढचा गिऱ्हाईक काय बघणार? त्याला दिसणार माझ्या पाच चांदण्या. म्हणजे माझ्या भिडेची किंमत मी त्याच्या खिशातून देणार. याला औदार्य कसे म्हणावे?

पूर्वी ही अडचण एवढी मोठी नव्हती. आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात म्हसा गावी पौषी पौर्णिमेला यात्रा भरते आणि तिचा बैलबाजार प्रसिद्ध आहे. बैल ही जुनीच वस्तू. बैल घेणारा माणूस कसा घेतो? जबडा उघडून दात पाहतो, दोनदाती की चारदाती की जुळलेला ते ठरवतो. खूर पाहतो, चालवून पाहतो, खांद्यावरचा घट्टा पाहतो. आणि एवढे करून शेवटी विचारतो, "खोड काय आहे?" मारका असेल, बसका असेल, तर ते विकणाऱ्याने सांगावे अशी अपेक्षा असते. तेथेही लबाडी होत नाही असे मी म्हणत नाही. परंतु विकणाऱ्याचे गाव ठाऊक असते, पाहुणेरावळे ठाऊक असतात, आणि पुढच्या पौषात त्याला त्याच मैदानावर उभे राहायचे असते. बाजाराची जीभ हेच तेथले अभिप्रायाचे पुस्तक.

ऑनलाइन बाजारात दात पाहता येत नाहीत. गाव ठाऊक नसते. पुढच्या वर्षी भेट नसते. मग तेथे जीभ कोणाची? माझी आणि तुमची. ती आपण आवरली तर काय होते, हे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन मांडले आणि त्यासाठी 2001 साली त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याचा विचार मी आपल्या सायकलीवर घेतो. समजा, चांगल्या जुन्या सायकलीचे मोल 4,000 रुपये आणि बिघडलेल्या सायकलीचे 1,000. घेणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. तो म्हणतो, मी मधले 2,500 देईन. ज्याची सायकल खरोखर चांगली, तो म्हणतो, एवढ्याला मी विकत नाही. आणि बाजारातून निघून जातो. उरतात बिघडलेल्या सायकली. हे घेणाऱ्याला कळले की तो 2,500 देखील देत नाही. अशा रीतीने प्रामाणिक माणूस बाजाराबाहेर पडतो. म्हणजे मी खरे लिहिले नाही तर नुकसान एकट्या गिऱ्हाइकाचे नाही; ज्याने आपल्या वस्तूची खोड मोकळेपणाने सांगितली, त्या विकणाऱ्याचेही मी नुकसान करतो.

भीड हा केवळ मराठी माणसाचा गुण आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत 1995 साली निघालेल्या ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर 1996 पासून अभिप्रायाची सोय झाली. तेथल्या व्यवहारांचा रेस्निक आणि झेकहाउझर या दोन अभ्यासकांनी अभ्यास केला, तेव्हा घेणाऱ्यांनी दिलेल्या अभिप्रायांत नापसंतीचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी भरले. सगळा माल चांगला होता काय? एक कारण असे की विकणाराही घेणाऱ्याविषयी अभिप्राय देई. तू मला वाईट म्हण, मी तुला वाईट म्हणतो, अशी धास्ती होती. अखेर 2008 साली विकणाऱ्याने घेणाऱ्याला वाईट शेरा देण्याची सोय ईबेने काढून टाकली.

आता शिवीचा मार्ग. "चोर आहे" असे लिहावे असे मलाही वाटले. लिहिलेसुद्धा. पण पाठविण्यापूर्वी शाळेतली सवय आडवी आली. मुलाने निबंधात काही ठोकून दिले की मी समासात विचारीत असे, "हे तुला कसे कळले?" तोच प्रश्न स्वतःला विचारला. भाता फुटका होता, हे मला कळले होते. मी पाहिले होते. दोन सूर मुके होते, हे ऐकले होते. जाहिरातीत "सर्व सूर चालू" होते, हे वाचले होते. पण तो माणूस लबाड आहे, हे मला कसे कळले? ते मी पाहिले नव्हते. तो माझा राग होता, आणि रागाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहता येत नाही.

येथे कायद्याचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. घेणाऱ्याने सावध राहावे, हे जुने तत्त्व 1930 च्या माल विक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात आहे. विकणारे ते आनंदाने सांगतात. त्याच्या आधीचे पंधरावे कलम ते सांगत नाहीत. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, असे ते कलम म्हणते. "जुनी वस्तू आहे, चालायचेच" हे उत्तर म्हणून पुरेसे नाही. जुनी म्हणून विकली तर जुनी चालेल. सर्व सूर चालू म्हणून विकली तर सूर चालले पाहिजेत.

ग्राहकाच्या बाजूने महाराष्ट्रात मोठे काम झाले आहे. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे 1986 साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि 2019 चा नवा कायदा 2020 पासून लागू आहे. त्याखालच्या ऑनलाइन व्यापाराच्या नियमांत, विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्या मालाची स्तुती लिहू नये, असेही बजावले आहे. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी एक मानकही प्रसिद्ध केले. ते आरंभी ऐच्छिक होते. परंतु घरातली एखादी जुनी वस्तू विकणाऱ्या साध्या माणसाला ते व्यापाराचे नियम लागू नाहीत. धंदा म्हणून नियमित विकणाऱ्यांसाठी ते आहेत. म्हणजे आमच्या पेटीसारख्या व्यवहारात पुढच्या माणसाचे रक्षण करणारी हाताशी असलेली गोष्ट एकच : आधीच्या माणसाचा खरा शब्द.

आणि खरा शब्द लिहिताना अब्रुनुकसानीचे भय कितपत बाळगावे? भारतीय दंड संहितेत बदनामीच्या कलमाला दहा अपवाद होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 356 व्या कलमात ते कायम आहेत. त्यांतला दहावा अपवाद मला फार आवडतो. दुसऱ्याच्या किंवा लोकांच्या हितासाठी, सद्भावनेने दिलेली सावधगिरीची सूचना ही बदनामी नव्हे, असा त्याचा आशय आहे. अट सद्भावनेची आहे, आणि सद्भावनेत काळजीपूर्वक बोलणे आलेच. "चोर" हा शब्द त्या अपवादात बसविणे अवघड; "भाता हवा धरीत नाही" हे वाक्य सहज बसते.

चौथ्या दिवशी मी लिहिले : "जाहिरातीत सर्व सूर चालू असे म्हटले होते. आलेल्या पेटीत दोन सूर बंद आहेत, एक अडकतो, आणि भाता उंदरांनी कुरतडलेला आहे. दुरुस्तीचा अंदाज 3,000 रुपये. बांधणी व लाकूड उत्तम. पार्सल व्यवस्थित बांधले होते." चांदण्या दिल्या दोन. बांधणी उत्तम होती, मग ते का लिहू नये? साक्षीदाराने अर्धेच सांगितले तर तो वकील होतो.

मात्र एक चूक माझी झाली, ती आपल्यापुढे कबूल करतो. लिहिण्यापूर्वी मी त्या गृहस्थांना विचारायला हवे होते. मी विचारले नाही. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज दुखावलेला होता. पेटी त्यांच्या वडिलांची. वडील वारल्यावर ती दोन वर्षे माळ्यावर होती. यांना स्वतःला वाजविता येत नाही. चार पट्ट्या दाबून पाहिल्या, वाजल्या, म्हणून "सर्व सूर चालू" लिहिले. ध्वनिमुद्रण वडील असतानाचे होते. "मला ठाऊक नव्हते हो," ते म्हणाले. मी मनात म्हटले, बरे झाले, तो "चोर" शब्द मी खोडला!

पुढे ते म्हणाले, "दुरुस्तीचे निम्मे पैसे देतो, पण तो अभिप्राय काढून टाका." खरी कसोटी येथे होती. 1,500 रुपये मंडळाचे होते, माझे नव्हते. नाही म्हणण्याचा मला अधिकार काय? पण त्या पैशांत ते माझी साक्ष विकत मागत होते, आणि साक्ष पुढच्या गिऱ्हाइकाची होती. मी म्हटले, "काढणार नाही; पण आपण पैसे दिलेत तर तेही तेथेच लिहीन." ते म्हणाले, "मग पैसे कशाला देऊ?" आणि फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मंडळाचे दीड हजार मी माझ्या तत्त्वापायी घालविले, असे वाटले. बुवांना सांगितले तर ते काही बोलले नाहीत, आणि ते न बोलणे मला जास्त लागले.

तिसऱ्या दिवशी पैसे आले, निरोप काही नाही. मी अभिप्रायाखाली भर घातली : "विक्रेत्याला दोषांची कल्पना नव्हती असे ते सांगतात. कळल्यावर दुरुस्तीचा निम्मा खर्च त्यांनी दिला." दोनच्या तीन चांदण्या केल्या. आता वाचणाऱ्याने आपला निर्णय आपण करावा.

तेव्हा श्रोतेहो, माझे सांगणे थोडके आहे. आधी विकणाऱ्याला विचारा. मग काय सांगितले होते आणि काय निघाले, ते शेजारी शेजारी ठेवा. पाहिले तेवढेच लिहा. मनातले आरोप मनात ठेवा. चांगले असेल ते गाळू नका. आणि पुढे त्याने चूक निस्तरली, तर तेही तितक्याच ठळकपणे लिहा. अभिप्राय हा आपल्या रागाचा निचरा नव्हे आणि विकणाऱ्याला दिलेले बक्षीसही नव्हे. अनोळखी माणसासाठी, ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही, त्याच्यासाठी दिलेली ती साक्ष आहे.

पेटी दुरुस्त झाली. उरलेले दीड हजार मी भरले. पसंती माझी होती. काही महिन्यांनी त्याच गृहस्थांची दुसरी जाहिरात दिसली. वडिलांचा तबला-डग्गा विकायला होता. खाली लिहिले होते : "डग्ग्याची पुडी फाटली आहे, बदलावी लागेल. मला वाजविता येत नाही. जाणकाराने येऊन पाहावे." ती जाहिरात मी आमच्या बुवांना वाचून दाखविली. ते म्हणाले, "मास्तर, हा डग्गा घ्यायला हरकत नाही."