द्राक्षमळ्यातील माणसे आणि आपला मोह

(मूल येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर ‘वाइन करणाऱ्यांशी संवाद’ असा छापला गेला, तेव्हा दोन सरपंचांनी मला दूरध्वनी करून विचारले की, साहेब, दारूबंदीसाठी झगडलेल्या जिल्ह्यात हा कसला विषय घेऊन येता? त्यांचा प्रश्न रास्त होता. 2010 साली याच जिल्ह्यातील हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या, 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि 2021 मध्ये ती उठली. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, 1993 पासून बंदी आहे. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो, मी कोणालाही पेय सुचवायला आलेलो नाही. इथे द्राक्षे लावा असेही सांगणार नाही. आपली जमीन धानाची आहे. मला बोलायचे आहे ते एका कारागिरीविषयी. नाशिक भागात ती मी जवळून पाहिली, आणि तिच्यातील काही भाग आपल्या मोहाच्या झाडाखाली उपयोगी पडेल असे मला वाटू लागले.

मी कलाशाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेत संपला. त्यामुळे नाशिकला गेलो तेव्हा मला यंत्रांपेक्षा माणसे अधिक समजली. पहिल्याच मळ्यात एका मध्यमवयीन बागायतदाराने मला दोन घड हातात दिले. एक खाण्याच्या द्राक्षाचा, म्हणजे लांबट, बिनबियांचा, टपोऱ्या मण्यांचा. दुसरा वाइनच्या द्राक्षाचा. मणी लहान, साल जाड, आत बिया. दुसरा मी तोंडात टाकला आणि चेहरा वाकडा केला, तसे ते हसले. त्यांचे म्हणणे असे की, बाजारात ज्या द्राक्षाला कोणी विचारणार नाही, त्याच्याच सालीत वाइनचा रंग आणि वास असतो. वडिलांनी आयुष्यभर मणी मोठा करायला शिकवले आणि आपण आता मणी लहान ठेवायला शिकत आहोत, हे सांगताना त्यांच्या स्वरात थोडा अपराधीपणा होता. खाण्याच्या द्राक्षाचे पीक एकरी जितके येते, त्याच्या निम्म्याच्या आसपासच ते वाइनच्या वेलीवर ठेवतात. जास्त घड ठेवले तर रस पातळ होतो. शेतकऱ्याने आपल्या हाताने पीक कमी करायचे, ही गोष्ट धानाच्या शेतकऱ्याला सांगून पटवणे कठीण आहे.

या धंद्याचा इतिहास फार जुना नाही. 1980 च्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे श्यामराव चौगुले यांनी फ्रान्समधील तज्ज्ञांच्या साहाय्याने फेसाळणारी वाइन तयार केली आणि ती परदेशी पाठविली. महाराष्ट्राच्या मातीतून असा माल निघू शकतो हे त्यामुळे सिद्ध झाले. त्यांची कंपनी पुढे टिकली नाही, परंतु तेथे तयार झालेली माणसे या व्यवसायात पांगली. त्यानंतर राजीव सामंत हे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकून व तेथील नोकरी सोडून परतले. नाशिकजवळ वडिलांची जमीन होती. तेथे त्यांनी प्रथम इतर पिके करून पाहिली, मग 1997 च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. कॅलिफोर्नियातील केरी डॅम्स्की या वाइनतज्ज्ञांचे मार्गदर्शन घेतले आणि 2000 साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, उत्पादन शुल्कात सवलत दिली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारले.

येथपर्यंतची कथा शासकीय अहवालात शोभावी अशी आहे. पुढची तितकी शोभत नाही. धोरण पाहून पुष्कळांनी वेली लावल्या, कर्जे काढून टाक्या बसवल्या. 2008 च्या अखेरीस जागतिक मंदी आली, मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि मागणी घटली. टाक्या भरलेल्या राहिल्या, कारखान्यांनी द्राक्षे उचलली नाहीत आणि अनेकांनी पाच-सात वर्षे जोपासलेल्या बागा उपटून टाकल्या. ज्या बागायतदाराचा मी उल्लेख केला, त्यांनीही दोन एकर काढली होती. वाइनचे द्राक्ष खाण्याच्या बाजारात विकता येत नाही. एकच गिऱ्हाईक असलेल्या पिकाचे हे दुखणे आहे, आणि मोहफुलाचा विचार करताना ते मी विसरू शकलो नाही. विकास योजना सांगणाऱ्या माझ्यासारख्या अधिकाऱ्याने यशाच्या कथांबरोबर उपटलेल्या बागाही मोजल्या पाहिजेत.

एका वाइनरीत मला रसायनशास्त्र शिकलेली एक तरुणी भेटली. शेतकऱ्याची मुलगी, आधी औषधांच्या कारखान्यात होती. तिच्या घरी ती नेमके काय काम करते हे आजोबांना बरेच दिवस सांगितले नव्हते. तिचा दिवस तोडणीच्या हंगामात, म्हणजे जानेवारी ते मार्च, पहाटे अंधारात सुरू होतो. घड थंड असतानाच तोडायचे, ऊन चढण्यापूर्वी कारखान्यात आणायचे, कुजका मणी हाताने वेगळा करायचा. उन्हात तापलेली द्राक्षे ढिगात राहिली तर ती आपल्या आपण आंबू लागतात, आणि मग कोणतेही यंत्र तो वास काढू शकत नाही. साखर मोजण्याचे छोटे उपकरण तिच्या खिशातच असते. कोणत्या मळ्याचा माल, कोणत्या वेळी तोडला, साखर किती, आंबण्याची उष्णता किती, हे सारे ती वहीत लिहिते. पांढऱ्या वाइनचा रस थंड ठेवून सावकाश आंबवतात, तांबडीचा सालीसकट आणि अधिक उष्णतेत. साखरेचे मद्यार्क आणि कर्बवायू होतात, एवढीच क्रिया. मी तिला विचारले, तुमची खरी कला कुठे आहे? तिने टाकीकडे नव्हे, मळ्याकडे बोट दाखविले. चांगल्या द्राक्षाची वाइट वाइन मी करू शकते, वाइट द्राक्षाची चांगली करू शकत नाही, असे ती म्हणाली.

त्या मळ्यात घड तोडणाऱ्या बहुतेक बाया पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून हंगामापुरत्या आलेल्या होत्या. त्यांच्या हाताचा वेग पाहून मला येथील चैत्र आठवला.

आता थोडे शब्दांविषयी, कारण तो माझा प्रांत आहे. मराठीत आपण आंबवलेले आणि ऊर्ध्वपातन केलेले, दोन्हींना दारू म्हणून मोकळे होतो. आयुर्वेदाने ‘आसव’ हा वेगळा शब्द राखला. द्राक्षासव आपल्यापैकी पुष्कळांनी औषध म्हणून घेतले असेल; ते आंबण्यासाठी त्यात धायटीची फुले घालतात, आणि धायटी आपल्या जंगलात आहे. चरकसंहितेत मोहफुलांचे मधूकासवही आहे. म्हणजे फार पूर्वी कोणीतरी द्राक्ष आणि मोह यांना एकाच पंक्तीत बसवले होते. ती पंक्ती मोडली कशी, हे पाहायला कायद्याचा इतिहास वाचावा लागतो. मुंबई इलाख्यात 1892 मध्ये मोहफुले बाळगण्यावर निर्बंध घालणारा खास कायदा झाला. झाडाखाली पडलेले फूल त्या कायद्याने गुन्ह्याची सामग्री ठरवले. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, तरी पुढे राज्याच्या दारूबंदी कायद्यातील निर्बंध येथेही आले. 2021 साली शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध उठवले. ही गोष्ट अजूनही कित्येक वेचणाऱ्यांच्या कानी गेलेली नाही. शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी ती गावात सांगावी, अशी माझी विनंती आहे. मात्र फूल मोकळे झाले म्हणजे त्याची दारू गाळणे मोकळे झाले असे नव्हे, हेही त्याच श्वासात सांगावे.

वनहक्क कायदा 2006 नुसार मोहफूल हे गौण वनोपज आहे आणि त्याची मालकी वनहक्कधारकांची आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि तेथील ग्रामसभेने बांबू स्वतः विकून दाखविला. मोहाच्या बाबतीत आपण अजून तेथे पोचलेलो नाही. मोह वेचला जातो, अंगणात वाळतो आणि व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो. पुष्कळ घरांत तोच माल पावसाळ्यात, हातात पैसा आणि घरात अन्न नसताना, चढ्या भावाने परत विकत घेतला जातो. असे का होते? भाव ठरवताना व्यापारी पहिली गोष्ट बोलतो ती माती, कचरा आणि ओलसरपणा यांची. त्याचे बोलणे सोयीचे असते, पण नेहमीच खोटे असते असे नाही.

येथे मला त्या तरुणीची वही आठवते. मोहाचे फूल रात्रीपासून सकाळपर्यंत गळते. ते मातीत पडते. पाचोळ्यात दिसावे म्हणून आपण झाडाखालचा पाला जाळतो, आणि त्या आगीने दरवर्षी जंगलाचे किती नुकसान होते हे वनकर्मचारी येथे बसलेले आहेत, ते सांगतील. मग राखेत, मातीत पडलेले फूल पहाटे वाकून वेचतो. आणि या तालुक्यात वाकून वेचणे म्हणजे काय, हे मी तुम्हांला सांगण्याची गरज नाही. मूल, सावली, सिंदेवाही या पट्ट्यात मोहाच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात माणसे गेली आहेत, त्यांत बाया अधिक. वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो असे जाणकार म्हणतात.

शेजारच्या मध्य प्रदेशात काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधून फूल अधांतरी झेलण्याची पद्धत सुरू झाली आहे. फुलाला माती लागत नाही. पाला जाळावा लागत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, फूल जाळीत सुरक्षित असल्याने अंधारात धावत जावे लागत नाही. ऊन वर आल्यावर चार जणांनी मिळून जावे आणि जाळी रिकामी करावी. असे स्वच्छ फूल खाण्याच्या पदार्थांसाठी, लाडवांसाठी, वाळवून मनुक्यासारखे विकण्यासाठी चालते. एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून राहण्याची नाशिकची चूक त्यामुळे येथे टळू शकते. गोव्याने काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवले. उद्या मोहाचे काय करायचे ते शासन आणि ग्रामसभा ठरवतील, गडचिरोलीतील आणि येथील स्त्रियांचे म्हणणे ऐकून ठरवतील अशी माझी अपेक्षा आहे. स्वच्छ फुलासाठी त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

जाळीला पैसा लागतो, हे खरे. सगळ्या झाडांना ती बांधता येणार नाही, हेही खरे. शिवाय जंगलातले झाड अमक्या घराचे, तमक्या घराचे, अशी जी रूढ वाटणी गावात असते, तिच्यात जाळीमुळे भांडण उभे राहू शकते. ते ग्रामसभेत आधी मिटवले पाहिजे.

गेल्या आठवड्यात येथून जवळच्या एका गावात मी एका आजींना हे सारे सांगत होतो. साठी उलटलेली बाई, पन्नासएक वर्षे मोह वेचते आहे. नाशिकचे वर्णन तिने शांतपणे ऐकून घेतले. पीक मुद्दाम कमी ठेवतात हे सांगितल्यावर मात्र तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. मग म्हणाली, “त्या बायाबी पहाटेच जातेत का जी? मंग त्यायले भेव कशाचं राह्यते?” बिबट्याचे, मी म्हणालो. नाशिककडे उसात आणि मळ्यांत बिबटे असतातच. त्यावर ती जरा आपलेपणाने हसली.

जाळी केवढी लागेल, असे तिने विचारले. मला सांगता येईना. ती उठली, तिच्या झाडाखाली गेली आणि फांद्यांच्या घेराखालून पावले टाकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. सव्वीस पावले भरली. मोजणी वहीत लिहून मी कार्यालयात दिली आहे. फूल पडायला अजून महिनाभर आहे.