नाव आपलं, हात कुणाचे?

मी मावळातल्या भाज्याहून आलोय. वेळ थोडा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गणपती जवळ आलेत. घरोघरी दिव्यांच्या माळा येतील, स्पीकर येतील, कुणाकडे नवा टीव्ही येईल. आणि पुष्कळजण सांगतील, ‘यंदा आम्ही स्वदेशीच घेतलंय हं.’ कशावरून? तर खोक्यावरचं नाव भारतीय आहे यावरून. माझी विनंती एवढीच आहे, की खोकं उलटं करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. पुढच्या बाजूला काय छापायचं ते कंपनी ठरवते, मागच्या बाजूला काय छापलंच पाहिजे ते कायदा ठरवतो.

तिथं ‘मार्केटेड बाय’ म्हणून मुंबईचा, पुण्याचा पत्ता दिसेल. तेवढ्यावर समाधान मानू नका, तो विकणाऱ्याचा पत्ता झाला. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ शोधा, ‘इम्पोर्टेड बाय’ शोधा, ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ शोधा. मोबाइलवरून मागवत असाल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तूचा मूळ देश तिथंही दाखवावा लागतो. चार्जर, एलईडी बल्ब, टीव्ही अशा वस्तूंवर भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा, ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घातला, की नोंदणी कुणाची आहे ते कळतं. पाच मिनिटांचं काम आहे. साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो, मग इथंच आळस का?

आता मूळ प्रश्न. नाव आपलं आणि माल परदेशात तयार झालेला, तर ती खरेदी स्वदेशी म्हणायची का? मी आमच्या भागातली चिक्की पुढे ठेवतो. लोणावळ्याच्या चिक्कीतला शेंगदाणा काही मावळात पिकत नाही. आमच्याकडे पिकतो भात. गूळ कऱ्हाड-कोल्हापूरकडचा. तरी ती चिक्की लोणावळ्याची, कारण भट्टी तिथली. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो कडक झाला का, हे ओळखणारी नजर तिथली. गरम आहे तोवर लाटायचं, गार व्हायच्या आत सुरी फिरवायची, हे ज्या हातांना जमतं ते हात तिथले.

समजा, उद्या कुणी परमुलखातून तयार चिक्की आणली आणि लोणावळ्याचं नाव छापलेल्या सुरेख डब्यात भरली. दुकान आपलं, मालक आपला, गल्लाही आपलाच. पण भट्टी विझली. पंधरा-वीस वर्षांनी पाक ओळखणारं माणूस गावात शोधून सापडणार नाही. उलट, बाहेरगावचा मालक आला, त्यानं इथं भट्टी टाकली, आपल्या पोरीबाळींना पाक शिकवला आणि डब्यावर स्वतःचं नाव घातलं, तर? नफा त्याच्या गावी जाईल, कबूल. पण कसब इथं राहील. माझ्या मते दुसरी चिक्की आपल्याला जवळची. आणि तिसरा एक प्रकार आहे. लाटलेली चिक्की बाहेरून आणायची आणि इथं नुसती सुरी फिरवायची. आपल्याकडच्या ‘असेंब्ली’चं बरंचसं हेच आहे. काहीच नसण्यापेक्षा ते बरं, पण त्याला भट्टी म्हणू नका.

हे हवेतलं बोलणं नाही. रांजणगावला महागणपतीच्या दर्शनाला जाता ना? तिथल्या औद्योगिक वसाहतीत कोरियाच्या एलजीचा कारखाना आहे, चीनच्या हायरचा आहे, अमेरिकेच्या व्हर्लपूलचा आहे. नावं परकी, पण काम आपल्या जिल्ह्यात होतं. आता फोन घ्या. मायक्रोमॅक्स ही भारतीय कंपनी, पण तिचे सुरुवातीचे फोन चिनी कारखान्यांतून यायचे. शाओमी चिनी, पण तिनं २०१५ मध्ये आंध्रातल्या श्री सिटीत फोनची जुळणी सुरू केली. यातलं स्वदेशी कोणतं? नुसत्या नावावरून सांगता येणार नाही. युरोपातही हाच घोळ आहे. फिलिप्स हे नाव हॉलंडचं, पण त्या नावाचे टीव्ही टीपीव्ही ही आशियातली कंपनी बनवते.

सरकारनं स्वतःच्या खरेदीपुरतं हे ओळखलेलं आहे. २०१७ चा आदेश, त्यात २०२० मध्ये झालेली सुधारणा. मालाच्या किमतीतला ५० टक्के किंवा जास्त हिस्सा देशात घडला, तर पुरवठादार पहिल्या वर्गात. २० ते ५० टक्के असेल तर दुसऱ्या. तिथं हिशेब होतो तो देशात किती घडलं याचा. मग आपण घरच्या खरेदीत नावावर का भुलतो?

कुणी म्हणेल, ही नवी व्याख्या कुठून काढली? नवी नाही. आमच्या शेजारी तळेगावला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून निधी उभा केला, लोकमान्यांनी पाठबळ दिलं. त्या पैशातून परदेशी काचसामान आणून त्यावर आपली चिठ्ठी लावता आली असती. ते त्यांनी केलं नाही. जपान-अमेरिकेत काचेचं काम शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांना त्यांनी तळेगावात आणलं आणि भट्टीपाशी आपली माणसं शिकवून तयार केली. ती माणसं पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेली. विद्या बाहेरून आली याची त्यांना लाज वाटली नाही. ती इथल्या हातांत उतरली पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

म्हणून पुन्हा सांगतो, खोकं उलटं करा. मागे परदेशाचं नाव निघालं तर वस्तू घेऊच नका, असं माझं म्हणणं नाही. गरज असेल तर जरूर घ्या. पण मग ‘स्वदेशी घेतलं’ असं मुलांना सांगू नका. आणि त्याच किमतीत, त्याच दर्जाची, इथं घडलेली वस्तू शेजारच्या फळीवर असेल तर ती मागून घ्या. दुकानदार मंडळी, तुम्हीही ‘आपलीच कंपनी आहे’ म्हणून गिऱ्हाइकाला गप्प करू नका. तुम्हाला माहीत असतं.

नफ्याचा प्रश्न उरतोच, तो लहान नाही. आराखडा कुणी काढला, आतली चिप कुठली, यावर तर वेगळं भाषण व्हावं. समोरून वेळ संपत आल्याची खूण होतेय. एक शेवटचं, दुरुस्तीबद्दल. वस्तू घेतानाच विचारा, ‘बिघडली तर सुटा भाग पुण्यात मिळेल का?’ जिथं वस्तू घडते, तिथं ती उघडून पाहणारी माणसंही तयार होतात, आणि अशी माणसं तालुक्या-तालुक्यात असली तर... असो, ते पुढच्या वेळी.