कॅमेऱ्याचा मार्का आणि गिऱ्हाइकाची निष्ठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळातील तीन मुलींनी बचतगटाच्या कर्जातून कॅमेरा घेऊन लग्नामुंजीचे फोटो काढण्याचा धंदा करावयाचे ठरविले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु कॅमेरा कोणत्या मार्क्याचा घ्यावा यावरून महिनाभर मंडळात दोन तट पडले आहेत. एक कॅनॉनचा, दुसरा निकॉनचा. आणि सोनी घ्या म्हणणारी मुलगी बिचारी एकटी. आमच्या घरी फोटो स्टुडिओ आहे व त्याचा जमाखर्च माझ्याकडे असतो, म्हणून मी या विषयावर बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचविले. कर्जाचे हप्ते मुलींनाच फेडावयाचे आहेत, कंपनीला नव्हे, एवढे ध्यानात धरून मी बोलणार आहे.

मार्क्यावरची निष्ठा आपल्याला नवी नाही. कोणतेही वनस्पती तूप असो, आपण त्याला डालडा म्हणत आलो. हिंदुस्थानातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे टोपणनावच मुळी ‘डालडा १३’ असे होते! त्यांचा जन्म १९१३ चा आणि मोटारीचा क्रमांक डी. एल. डी. १३, त्यावरून ते पडले. पंडित नेहरूंची त्यांनी काढलेली छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. रोलिफ्लेक्स त्यांच्या हातात वर्षानुवर्षे होता. पण चित्र पाहताना कॅमेऱ्याचा मार्का कोण विचारतो?

कॅमेऱ्याच्या निष्ठेचे बी पेरले ते अमेरिकेतील जॉर्ज ईस्टमन यांनी. १८८८ साली त्यांनी कोडॅक नावाची पेटी बाजारात आणली. ‘कोडॅक’ या शब्दाला कोणत्याच भाषेत अर्थ नाही. ‘के’ हे अक्षर त्यांना आवडत असे, म्हणून तो बनविला. पेटीत शंभर फोटोंची फिल्म भरूनच येई. फोटो काढून झाले की पेटीच कंपनीकडे पाठवावयाची. फोटो तयार होऊन, नवी फिल्म भरून ती परत येई. गिऱ्हाइकाने फक्त बटण दाबावयाचे. पुढे जाहिरातींतून ‘कोडॅक गर्ल’ आली, हाती कॅमेरा घेतलेली तरुण मुलगी. घरातल्या आठवणी जपणारी ती बाई, हे त्या गृहस्थांनी बरोबर हेरले होते. पेटी एकदाच विकावयाची, फिल्म जन्मभर विकावयाची, असा तो हिशेब.

आपल्याकडे मात्र पुष्कळ वर्षे निवडीचा प्रश्नच नव्हता. परदेशी मालावर बंधने होती. बडोद्यास तयार होणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा, त्यात एका रोलवर बारा फोटो. ज्याच्या घरी तो असे त्याच्याकडे साऱ्या आळीने बारशाला, डोहाळजेवणाला मागावयाचा. माझे मामंजी आजही अ‍ॅग्फाचे नाव काढले की हळवे होतात. मी त्यांना म्हणते, ‘‘मामंजी, दुसरा मिळत नव्हता म्हणून तो आवडता.’’ ते हसतात, पण कबूल करीत नाहीत.

आताची निष्ठा निराळ्या गाठीची आहे. ती समजण्यासाठी स्वयंपाकघरात या. आपल्या एका कुकरचे झाकण आत बसते, दुसऱ्याचे वरून बसते. एकाची रबरी रिंग दुसऱ्याला चालत नाही. तसेच कॅमेऱ्याचे. धड एका कंपनीचे आणि भिंग दुसऱ्या कंपनीचे, असे सहसा बसत नाही. प्रत्येकीची भिंग बसविण्याची खाच वेगळी. आणि खरा पैसा धडात नसून भिंगांत जातो. आमच्या दुकानात एका धडामागे तीन भिंगे आहेत, आणि तिघांची मिळून किंमत धडाच्या दुपटीहून अधिक आहे. तेव्हा लग्नाचे फोटो काढणारा मनुष्य ‘मी अमुक मार्क्याचा’ असे छाती फुगवून सांगतो, तेव्हा तो पुष्कळदा आपल्या कपाटातील भिंगांबद्दल बोलत असतो. मार्का बदलावयाचा म्हणजे संसार मोडून नवा थाटण्यासारखे आहे.

बरे, एवढी निष्ठा ठेवली तरी कंपनी आपल्याशी बांधलेली असते काय? निकॉनने १९५९ साली आणलेली खाच कित्येक दशके चालविली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. कॅनॉनने १९८७ साली आपली खाच बदलली आणि जुनी भिंगे नव्या धडांना बसेनाशी झाली. त्या वेळी जुन्या गिऱ्हाइकांना काय वाटले असेल! पण नव्या खाचेमुळेच त्यांचे कॅमेरे पुढे सरसावले, हेही खरे. २०१८ साली दोघांनीही आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी पुन्हा नव्या खाचा आणल्या. मध्ये जोडकडे लावून जुनी भिंगे वापरता येतात, पण निकॉनच्या काही जुन्या भिंगांचे आपोआप नेम धरणे त्यावर चालत नाही. मिनोल्टाची कथा तर त्याहून वाईट. एके काळचे मोठे नाव. २००६ साली त्यांनी कॅमेऱ्याचा धंदाच सोडला आणि तो सोनीकडे गेला. ज्या कोडॅकच्या कारखान्यात १९७५ साली स्टीव्हन सॅसन या इंजिनियराने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, त्या कोडॅकला २०१२ साली दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. फिल्मचा धंदा बुडेल म्हणून ज्या वस्तूला ते बिचकत राहिले, तिनेच तो बुडविला.

म्हणून कंपनीवर निष्ठा ठेवू नये असे म्हणावयाचे का? मला तसेही वाटत नाही. यात एक व्यवहाराची गोष्ट आहे, ती दुकानाच्या काचेवर लिहिलेली नसते. लग्नसराईत एकाच मुहूर्तावर तालुक्यात किती लग्ने लागतात हे तुम्ही जाणता. ऐन अक्षतांच्या वेळी बॅटरी उतरली किंवा भिंग अडकले तर कंपनीचे दुरुस्तीचे दुकान कोरेगावात नाही. तेव्हा धावून येतो तो शेजारचा फोटोवाला. त्याचे भिंग आपल्या धडाला बसले तर लग्न निभावते. न बसले तर नवरदेवाच्या मामाची बोलणी खावी लागतात. आमच्या व्यवसायातली माणसे सराईत एकमेकांना भिंगे, बॅटऱ्या, फ्लॅश देतात-घेतात. त्यामुळे गावात एकाने एक मार्का घेतला की दुसराही तोच घेतो. बाहेरून ही आंधळी निष्ठा दिसते, आतून तो शेजारधर्म आहे.

आपल्या वाघ्या घेवड्याचे पहा. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते कोरेगावच्या मातीच्या नावाने. कोणा एका व्यापाऱ्याच्या नावाने नव्हे. कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव मात्र कंपनीचेच. आपण तिचे बिल्ले लावून मैत्रिणींशी भांडावे, हे मला फार विनोदी वाटते.

तेव्हा मुलींनो, दुकानात जाण्यापूर्वी गावात फिरा. अडचणीला भिंग देतील अशी चार घरे शोधा, आणि त्यांच्याकडे जो मार्का असेल तो घ्या. सोनीवाल्या मुलीचा कॅमेरा वाईट नाही. आजच्या लग्नाच्या कामात तो पुष्कळ जण वापरतात. पण तिला भिंग देणारे घर येथे सापडले तरच त्याचा उपयोग. पहिले वर्ष सर्व कर्ज एका नव्या धडात घालू नका. जुने धड आणि एक चांगले भिंग घ्या, उरलेली रक्कम दोन बॅटऱ्या आणि दोन कार्डांसाठी ठेवा. जुने धड घेताना त्याचे शटर किती वेळा पडले आहे ते विचारा. भिंग घेताना मागून विजेरीचा उजेड टाकून काचेत पहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी समजा आणि तेथून उठा, मग दुकानदार कितीही किंमत उतरवो. पुण्याला खरेदीस निघाल की मला कळवा. विजेरी मी घेऊन येईन.