पोटातले सोबती

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात मालगुंड येथे केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकून आहोत. शिक्षण कला शाखेचे. त्यामुळे कार्यकर्ते आमच्याकडे आले आणि “आरोग्यावर काही बोला” म्हणाले, तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले. डॉक्टरांनी बोलायच्या विषयावर कारकुनाने काय बोलावे? परंतु हा विषय आमच्या घरात शिरला होता. त्याची फी आम्ही भरलेली आहे. म्हणून उभे राहिलो.

आमची मुलगी दीड वर्षाची असताना पावसाळ्यात तिला जुलाब लागले. आम्ही शिकलेले, म्हणून आम्हाला वाटले, सगळे कळते. जुन्या चिठ्ठीवरून औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाची बाटली आणली. दोन दिवसांत बरे वाटले, बाटली कपाटात ठेवली. आठवड्याने पुन्हा जुलाब. पुन्हा बाटली. एका महिन्यात असे तीन वेळा झाले. शेवटी पोर इतकी वाळली की अंगावरची झबली ढगळ दिसू लागली. रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेली. त्यांनी आतापर्यंत दिलेली सगळी औषधे टेबलावर मांडायला सांगितली. मांडली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “चोर पकडायला निघालात आणि घरचे राखणदार मारलेत.”

हे राखणदार कोण, तेच आज सांगायचे आहे.

बंधू-भगिनींनो, जंतू म्हटला की आपल्याला रोग आठवतो. ते खोटे नाही. परंतु आपल्या शरीरात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जिवाणूंची केवढी वस्ती आहे याचा अंदाज २०१६ साली शास्त्रज्ञांनी नव्याने मांडला. साधारण मोठ्या माणसाच्या शरीरात जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे ज्याला आपण ‘मी’ म्हणतो त्या घरात घरच्यांपेक्षा सोबतीच थोडे जास्त! शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींचा सर्वांत मोठा तळसुद्धा आतड्याच्याच भिंतीत आहे. एवढे शिपाई आणि एवढे जिवाणू इतक्या जवळ राहतात, आणि तरी रोज लढाई होत नाही. असे का?

या दोन्ही गोष्टींचा विचार करणारा एक मोठा माणूस होऊन गेला. त्याचे नाव इल्या मेचनिकॉव्ह. १८८२ साली इटलीतील मेसिना या बंदरगावी तो समुद्रातले जीव तपासत होता. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लात त्याने गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. बाहेरून आलेल्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या पेशी असतात, हे त्याला तिथे कळले. आपल्या किनाऱ्यावर पोरे तारामासे गोळा करून खेळतात. त्याच जातीच्या जीवाने जगाला एवढे मोठे ज्ञान दिले. १९०८ साली मेचनिकॉव्हला नोबेल पारितोषिक मिळाले. याच माणसाने दह्याचाही प्रचार केला. मात्र मोठ्या आतड्यातले बहुतेक जिवाणू विष तयार करतात अशी त्याची समजूत होती. शिपाई त्याने बरोबर ओळखले. सोबत्यांना ओळखण्यात तो अर्धा चुकला.

उरलेला अर्धा भाग पुढे उंदरांनी शिकवला. प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवतात. हवा, पाणी, अन्न सारे निर्जंतुक. आपल्याला वाटेल, हे उंदीर पहिलवान होत असतील. प्रत्यक्षात उलट होते. त्यांच्या आतड्यातल्या रक्षक पेशींच्या गाठी खुरटलेल्या राहतात आणि प्रतिपिंडे कमी तयार होतात. अशा उंदराच्या पोटात साधे जिवाणू सोडले की त्या गाठी भरू लागतात. याचा अर्थ असा की, प्रतिकारशक्ती जन्मतः तयार होऊन येत नाही. तिला शाळेत जावे लागते, आणि त्या शाळेतले मास्तर म्हणजे हे जिवाणू.

मास्तर काय शिकवतात? नाचणीचा कोंडा, कुळीथ, वाल, पालेभाजी यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे जेवण असतो. तो खाऊन ते ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यावर जगतात. शिवाय, २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले की या आम्लामुळे रक्षक पेशींपैकी एक खास प्रकार वाढतो. त्यांचे काम लढण्याचे नाही, तर लढणाऱ्यांना आवरण्याचे आहे. शिपाई हवा, पण उगाच घरातल्यांवर लाठी उगारणारा नको.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू बघा. आम्ही बँकेचे माणूस, एका बाजूची नोंद पाहून आमचे समाधान होत नाही. शरीर या जिवाणूंना काय देते? ते आतड्यावर बुळबुळीत थर पसरते. त्याच्या बाहेरच्या भागात सोबत्यांना जागा आणि आतल्या भागात मज्जाव. ते रोज आतड्यात एक खास प्रतिपिंड सोडते. ते जिवाणूंच्या अंगाला चिकटते आणि त्यांना भिंतीपासून दूर, आपल्या जागी ठेवते.

सर्वांत नवलाची गोष्ट २०१४ साली शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवली. उंदीर आजारी पडला की खाणे सोडतो. मग जिवाणूंनी खायचे काय? अशा वेळी रक्षक पेशी इशारा देतात आणि लहान आतड्याचे अस्तर आपल्या पृष्ठभागावर एक प्रकारची साखर चढवते. ती साखर सुटून खाली जाते आणि जिवाणूंच्या तोंडी पडते. ज्या उंदरांना ही साखर चढवता येत नाही, त्यांना आजारातून सावरणे जड जाते.

आपल्याकडे घरात दुखणे आले, चूल पेटली नाही, तरी गोठ्यातल्या गुरांना पेंढा टाकावाच लागतो. कारण उद्या नांगराला तेच जुंपायचे असतात. शरीरही तेच करते. आजारपणाच्या ऐन लढाईत ते स्वतः उपाशी राहून सोबत्यांना जेवू घालते. आणि आम्ही काय केले? नेमक्या त्याच वेळी बाटलीतून त्यांच्यावर विष ओतले. लहान मुलांचे कितीतरी जुलाब विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालतच नाही. चोर सुटला, राखणदार मेले, असे झाले.

काहींना वाटेल, हे सारे उंदरांचे झाले. माणसांचे काय? आपल्या जवळचीच दोन उदाहरणे सांगतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसांच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास केला. २०१२ साली त्यांनी दोन एकत्र कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्या. घर एक असूनही वयाप्रमाणे पोटातली वस्ती बदलते असे त्यांना दिसले. २०१६ साली त्यांनी दाखवले की भारतीयांच्या पोटात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जिवाणू विशेष प्रमाणात आढळतात. यांतला प्रिव्होटेला हा धान्य-भाजीपाल्याचा भरपूर आहार असणाऱ्या लोकांत जगभर जास्त दिसतो. म्हणजे आपल्या ताटाची नोंद आपल्या पोटात होत असते.

दुसरे उदाहरण ओडिशाचे. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या नेतृत्वाखाली १४९ खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर एक चाचणी झाली आणि २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्या बाळांना सात दिवस एक चांगला जिवाणू आणि त्याचे खाद्य एकत्र दिले. उरलेल्यांना नुसतीच दिसायला तशी पूड. पहिल्या ६० दिवसांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९ टक्के होते, तर पहिल्या गटात ५.४ टक्के. औषध पोटात दिले, पण छातीचे आजारसुद्धा कमी झाले! मात्र ही सारी बाळे अंगावर दूध पिणारी आणि पुरेशा वजनाची होती. म्हणून कोणी दुकानातून पुडी आणून आपल्या बाळाला चाटवू नये. फार लवकर जन्मलेल्या बाळांना ती घातकही ठरू शकते. ते काम डॉक्टरांचे.

आपले काम वेगळे आहे आणि त्याला पैसे कमी लागतात.

पहिले, आईचे दूध. बाळंतपणानंतरचे पहिले पिवळट दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते पिळून टाकायची चाल काही घरांत होती. त्या दुधात आईची प्रतिपिंडे ठासून भरलेली असतात. शिवाय आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. मग निसर्गाने त्या कशाला घातल्या? बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी. आई एकाच वेळी बाळाला आणि त्याच्या सोबत्यांना पाजते. त्यातला थेंबही टाकू नका.

दुसरे, ताट. विद्यार्थी मित्रांनो, हे तुमच्यासाठी. आमच्या लहानपणी शाळेच्या डब्यात नाचणीची भाकरी न्यायची आम्हाला लाज वाटे. पिठीभात म्हणजे गरिबाचे जेवण. बिस्किटाचा पुडा म्हणजे सुधारणा. ती लाज आज आम्हाला मूर्खपणाची वाटते. २०२१ साली ढाक्याच्या वस्तीतील कुपोषित मुलांना हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्ची केळी यांचे मिश्रण तीन महिने दिले. त्यात उष्मांक कमी होते, तरी नेहमीच्या पोषक खाऊपेक्षा या मुलांची वाढ चांगली झाली, कारण ते मिश्रण पोटातल्या जिवाणूंचा विचार करून बनवले होते. यातली कोणती वस्तू आपल्या बाजारात मिळत नाही? नाचणी, कुळीथ, वाल, ताक, परसातली केळी ही गरिबीची खूण नव्हे. ती ठेव आहे, आणि तिचे व्याज नातवंडांना मिळते.

तिसरे, प्रतिजैविक. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवते. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप आला तर वेळ न घालवता दवाखान्यात जा आणि डॉक्टर देतील ते औषध पूर्ण घ्या. पण जुन्या चिठ्ठीवर, शेजाऱ्याच्या सल्ल्यावर, अर्धी बाटली कधीही नको. मुलाला जुलाब झाले तर ओआरएसची पुडी, डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, आणि दूध-अन्न चालू ठेवणे.

आणि कोणी असा अर्थ काढू नये की घाण चांगली. सोबती वेगळे आणि कॉलरा-काविळीचे जंतू वेगळे. स्वच्छ पाणी, संडास, हात धुणे यांना पर्याय नाही. स्वच्छ पाण्यासाठी ज्यांच्या आजोबा-पणजोबांना झगडावे लागले, त्यांना हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आमच्या मुलीचे काय झाले, हे सांगायचे राहिले. औषधे बंद झाली. आमच्या आईने रोज नाचणीची पातळ आंबील, मऊ भात आणि ताजे ताक सुरू केले. अंगावरचे दूध चालूच होते. चार दिवसांत चमत्कार झाला नाही. वजन परत यायला दिवाळी उजाडली. आज ती शाळेत जाते, समोर बसली आहे, आणि आम्ही तिचे नाव घेऊ नये म्हणून डोळे वटारत आहे.

आईने तेव्हा आम्हाला एक शब्दही सुनावला नाही. तिची आंबील आम्हीच ‘जुने खूळ’ म्हणून बंद केली होती. ती चूक आज या व्यासपीठावरून कबूल करतो. तुमच्यापैकी एका जरी घरात आज अर्धी बाटली कपाटाबाहेर टाकली गेली आणि नाचणीचा डबा पुन्हा खाली काढला गेला, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे समजू.