गव्हाला खत : सवयीने नव्हे, मोजमापाने

(अर्धापूर परिसरातील ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



कलाशाखेच्या पदवीधराने खतासंबंधी बोलावे हे धाडसच होय. परंतु माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम असल्याने, पोहोचलेल्या माहितीचे पुढे काय होते हे पाहणेही मी माझे कर्तव्य समजतो.

अर्धापूर म्हटले की केळी आणि हळद आठवतात. परंतु पैनगंगेवरील इसापूर धरणाचे पाणी कालव्याने येथे येते आणि त्यावर रब्बीत गहूही उभा राहतो. या गव्हाला खत किती द्यावे, हे बहुधा शेजाऱ्याने किती पोती उचलली यावरून ठरते. काटेकोर शेतीचा प्रश्न नेमका येथेच सुरू होतो.

काटेकोर शेती म्हणजे उपग्रह, ड्रोन आणि संवेदक, असा समज आहे. ही साधने उपयुक्त आहेतच. पण त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व साधे आहे. योग्य खत, योग्य मात्रेत, योग्य वेळी आणि योग्य जागी द्यावे. त्यासाठी पहिले साधन लागते ते हिशेबाचे.

वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 40 किलो पालाश ही सर्वसाधारण मात्रा धरू. एकरी ती 48, 24 व 16 किलो होते. 24 किलो स्फुरदासाठी सुमारे 52 किलो डीएपी लागते. त्यातून 9 किलोंहून अधिक नत्रही मिळते. हे नत्र हिशेबात धरले नाही, तर एकरी सुमारे 20 किलो युरिया जादा पडतो. युरियाचे पोते 2018 पासून 45 किलोंचे आहे. म्हणजे जवळजवळ अर्धे पोते केवळ बेरीज चुकल्याने वाया गेले. जादा नत्राने पीक माजते, लोळते आणि रोगाला बळी पडते, ते वेगळेच.

वेळेचेही तसेच आहे. निम्मे नत्र पेरणीच्या वेळी आणि उरलेले निम्मे 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना, पहिल्या पाण्याच्या वेळी द्यावयाचे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीवर युरिया नुसता फेकून ठेवल्यास त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडते. वर पाणी भरमसाट सोडल्यास ते मुळांखाली उतरते आणि आज ना उद्या विहिरीच्या पाण्यात मिसळते. तेच पाणी आपली मुले पितात.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झाली. तिच्या आरंभीच्या फेऱ्यांत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांच्या चौकटीमागे एक नमुना घेतला जाई. म्हणजे हाती आलेली पत्रिका आपल्याच वावराची असेल असे नाही. एकाच वावरात उंचवट्याची मुरमाड आणि सखल भागाची भारी जमीन असेल, तर नमुनेही दोन हवेत. बांध, झाडाची सावली, विहिरीची कड आणि उकिरड्याची जागा टाळून, नागमोडी चालत अनेक ठिकाणची माती घ्यावी, ती मिसळावी आणि त्यातील अर्धा किलो प्रयोगशाळेकडे द्यावी.

1966 साली भारताने मेक्सिकोहून 18 हजार टन गव्हाचे बियाणे आणले. खताला दाद देणारे ते बुटके वाण होते. बोरलॉग यांनी ज्या याकी खोऱ्यात त्या वाणांवर काम केले, तेथेच पुढे शेतकऱ्यांनी संवेदकाने पिकाचा हिरवेपणा मोजण्यास आरंभ केला. शेतात एक पट्टा भरपूर नत्राचा ठेवावयाचा आणि उरलेले पीक त्याच्याशी ताडून पाहावयाचे. दोन्ही सारखेच हिरवे असतील, तर आणखी खताची घाई नको. यंत्र नसले तरी असा एक पट्टा आपल्याही शिवारात आखता येईल आणि पानांच्या रंगपट्टीने पीक ताडून पाहता येईल.

येथे एक कबुली देतो. पत्रिका किती वाटल्या, याच्या बातम्या मी हौसेने लिहिल्या. त्या वाचून किती जणांनी खताची मात्रा बदलली, हे मात्र मी कधी विचारले नाही.

म्हणून माझी विनंती अशी. गुरुजींनी पोत्यांचा हा हिशेब गणिताच्या तासाला मुलांकडून सोडवून घ्यावा. पंचायतीने पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत पत्रिकांचे जाहीर वाचन करावे. अधिकाऱ्यांनी वाटपाबरोबर वापराचीही नोंद ठेवावी. आपण सोने तोळ्यावर मोजतो, धान्य काट्यावर घालतो. मग जमिनीत जाणारे खत तेवढे अंदाजाने का टाकावे?