साक्षीला उभे राहू या



महागावसारख्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलायचे, तर पुण्या-मुंबईपेक्षा इथे जो प्रश्न जास्त जड जातो त्यावरच बोलावे, असे मी ठरवले. इथे आपण सगळे एकमेकांना ओळखतो. रात्री अडलेली बाळंतीण आली की भूल द्यायला ज्याला बोलावतो, त्याच्याविरुद्ध कोर्टात साक्षीला उभे कसे राहायचे? समन्स आले की कुणी रजेवर जातो, कुणी "अशी गुंतागुंत होऊ शकते" एवढे मोघम लिहून मोकळा होतो. रुग्णाच्या नातेवाइकांना मग जिल्हाभर फिरूनही तज्ज्ञ सापडत नाही.

असा तज्ज्ञ का लागतो, ते एका जुन्या खटल्यात दिसते. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर सुमारे 20 वर्षांच्या एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. टॅक्सीने त्याला पुण्याला एका सर्जनच्या रुग्णालयात आणले. तिथे पूर्ण भूल न देता, जोर लावून पाय ओढून हाड बसवले, प्लास्टर घातले. त्याच रात्री मुलगा गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले ते रक्तवाहिनीत चरबी अडकल्याचे. न्यायालयाने मात्र वेदनेच्या धक्क्यामुळे मृत्यू झाला, असे मानले. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या नावाने कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी हा खटला वाचतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1968 मध्ये लागला. पंधरा वर्षे आणि भरपाई तीन हजार रुपये.

मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फिर्यादी बाप स्वतः डॉक्टर होता. भूल का दिली नाही, हा प्रश्न त्याला विचारता आला. आपल्या तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या बापाने हा प्रश्न कुणाच्या तोंडून विचारायचा? तो आपल्याकडेच येणार, आणि आपण दार लावून घेणार?

साक्ष द्यायची भीती खोटी नाही. दिवस मोडतो, उलटतपासणीत अपमान होतो, सहकारी रुग्ण पाठवणे बंद करतो, संघटनेत कुजबुज सुरू होते. हे सगळे मी जाणतो. पण 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपल्याला केवढे संरक्षण दिले ते आठवा. स्वतंत्र, जाणकार डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय पोलिसांनी डॉक्टरवर कारवाई करू नये. ते मत शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचे असावे. निर्णयातली साधी चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हेही तिथे स्पष्ट झाले. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्या इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत. समाजाने हा विश्वास ठेवला तो आपण आपल्यातल्या चुका खरेपणाने सांगू, या भरवशावर. आपणच मोघम मते देत राहिलो, तर ही सवलत फार काळ टिकणार नाही आणि टिकू नयेही. 2010 मध्ये व्ही. किशन राव खटल्यात न्यायालयाने सांगून टाकले आहे, की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाच्या साक्षीची गरज नाही. म्हणजे आपण गप्प राहिलो तरी निवाडा होणारच, आपल्या ज्ञानाविना.

दवाखान्यांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्राने 2010 मध्ये कायदा केला. तो हवाच होता. पण खरे काय घडले हे सांगणारा एकही डॉक्टर भेटला नाही, तर माणसाचा राग जाणार कुठे? शिवाय नीट साक्षीने निर्दोष डॉक्टरही सुटतो, हे आपण विसरतो.

सहकाऱ्याचे अनैतिक किंवा अकार्यक्षम वर्तन न भिता उघड करावे, हे 2002 च्या आचारसंहितेत आपल्यासाठी लिहून ठेवलेलेच आहे. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रे द्यावीत, हेही त्यातच आहे. केस पेपरवर मागाहून एक अक्षरही लिहू नका.

म्हणून या परिषदेपुढे मी ठराव मांडतो. महागावच्या प्रकरणात मत दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरने द्यावे, आपण त्यांच्या प्रकरणात द्यावे. मत कारणांसह लेखी असावे. आणि साक्ष दिलेल्या सहकाऱ्याला रुग्ण पाठवणे आपल्यापैकी कुणीही थांबवू नये. ज्यांना हे पटते त्यांनी आज इथून जाण्यापूर्वी ठरावावर सही करावी. पहिली सही माझी आहे.